झाडलेलं खळं, जिवंत वई

बांद्यात नवा बंगला उभा राहिला की तीन गोष्टी ठरलेल्या असतात. गेटपासून पायरीपर्यंत पेव्हर ब्लॉक, भिंतीलगत एका मापाच्या कुंड्या आणि उरलेल्या जागेत लॉन. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात, तेव्हाही त्या लॉनवर पाइप चालू असतो. पाऊस लागला की तिथेच टायकिळा, कुर्डू, तेरडा उगवायला बघतो. यातल्या टायकिळ्याची आणि कुर्डूची आपण आवडीने भाजी करतो. पण लॉनमध्ये उगवल्यावर ते तण ठरतात आणि त्यांच्यावर तणनाशकाचा पंप फिरतो.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवत असे. आता निवृत्त आहे, आणि घरामागचा एक पट्टा मी मुद्दाम वाढू दिला आहे. शेजारच्या काकी वईपाशी उभ्या राहून विचारतात, "गो बाय, ह्या रान कित्याक राखलंस? जनावर येतला." त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. कारण कुडाळ आणि कसई-दोडामार्ग आपल्या डोळ्यांदेखत नगरपंचायती झाल्या. महामार्गावरच्या बांद्यालाही आज ना उद्या शहराचे नियम लागतील. नीटनेटके आवार म्हणजे काय, हे तेव्हा बाहेरून ठरून येईल. त्याआधी ते आपण ठरवावे, असे मला वाटते.

इतर देशांतली शहरे या प्रश्नावर कोर्टापर्यंत गेली आहेत. कॅनडातल्या टोरांटोमध्ये एका बाईंनी घरापुढे लॉनऐवजी रानफुले वाढू दिली, म्हणून त्यांना दंड झाला. 1996 मध्ये कोर्टाने तो नियमच रद्द केला. 'अति वाढ' म्हणजे किती, हे नियमात कुठेच स्पष्ट नव्हते. शिवाय आपली बाग कशी असावी हा माणसाच्या अभिव्यक्तीचाही भाग आहे, असे कोर्टाने मानले. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने 2021 मध्ये कायदाच केला. फुलपाखरे आणि मधमाश्यांसाठी लावलेली बाग उपटून तिथे लॉन करा, अशी सक्ती तिथल्या गृहसंस्थांना आता करता येत नाही.

आपल्याकडे शहरी हिरवाईचा मुख्य कायदा झाडांचा आहे. महाराष्ट्राने 1975 मध्ये नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणासाठी कायदा केला. नगरपालिकांत वृक्ष प्राधिकरणे आली, तोडीला परवानगी लागू लागली. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. हे चांगलेच झाले. पण या कायद्याला झाड दिसते. वेल, गवत दिसत नाही. पत्रादेवीच्या पलीकडे गोव्यात तर 2016 मध्ये माडच झाडाच्या व्याख्येतून बाहेर काढला होता. लोक संतापले, आणि 2017 मध्ये सरकारने त्याला पुन्हा व्याख्येत घेऊन राज्यवृक्ष केले. कागदावरच्या व्याख्येत जे बसत नाही ते तोडायला कुणाची हरकत नसते. मग वेलींची आणि गवताची बाजू कोण घेणार?

त्यांची बाजू घेणारा एक कायदा आपल्याकडे आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला, म्हणजे ग्रामपंचायतीलाही, जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायला सांगितले. या समितीने गावकऱ्यांबरोबर बसून लोकजैवविविधता नोंदवही करायची. गावात कोणती झाडे, वेली, पाखरे, मासे, भाताची वाणे आहेत आणि ती कुठे आहेत, ते तिच्यात लिहायचे. अशा नोंदवह्यांची कल्पना पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी रुजवली. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने राज्यांना 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली आणि उशिराला दरमहा दहा लाखांचा भुर्दंड ठेवला. मग देशभर नोंदवह्यांची घाई उडाली. घाईत भरलेली वही कपाटात जाऊन बसते. ग्रामसभेत वाचली तर मात्र ती गावाच्या कामाची असते.

आपल्याच जिल्ह्यात या कायद्याने काय होऊ शकते ते पाहा. 2021 मध्ये आंबोलीची हिरण्यकेशीची जागा जैविक वारसा स्थळ झाली. कशासाठी, तर तिथल्या पाण्यात नव्याने सापडलेल्या बोटाएवढ्या माशासाठी. दोडामार्गातली बांबर्ड्याची रान-जायफळाची दलदलही त्याच कायद्याने वारसा स्थळ ठरली.

आता काकींचा प्रश्न. बांद्यात झाडीची भीती उगाच नाही. 2016-17 च्या हंगामात याच परिसरात माकडताप पसरला, माणसे दगावली. रानातल्या पातेऱ्यात राहणाऱ्या गोचिडींतून हा विषाणू माणसात येतो, आणि त्यांचा जोर नेमका काजूच्या हंगामात असतो. साप तर आहेतच. कातळात फुरसे, गवतात घोणस. म्हणून 'सगळे वाढू द्या' असे कुणी शहरातून येऊन सांगितले, तर ते मी मानणार नाही. पण माकडताप जंगलाच्या पातेऱ्यातून येतो, वईवरच्या अडुळशातून नाही. डेंगीचा डास झुडपात अंडी घालत नाही. तो टायरात, करवंटीत, उघड्या पिंपातल्या स्वच्छ पाण्यात घालतो. साप उंदरांमागे येतो, आणि उंदीर उष्ट्याखरकट्यामागे. भीती खरी आहे, पण तिचा उपाय लॉन नव्हे.

उपाय आपल्या जुन्या घरांच्या मांडणीत होता. दारापुढे शेणाने सारवलेले खळे, तिथे काडीही पडलेली चालत नसे. मागे न्हाणीच्या पाण्यावर केळी, अळू, कढीलिंब. त्यापलीकडे माड, फणस, आणि हद्दीवर निगडी, अडुळसा, करवंदीची दाट वई. सगळ्यांत शेवटी देवाची राई, जिथे कोयती लावायची नाही. माणसाचा पाय जिथे रोज पडतो ती जागा स्वच्छ आणि उघडी; जसजसे लांब जावे तसतसे रान दाट.

माझ्या वईत माकडलिंबूचे एक काटेरी झुडूप आहे. विकत घेऊन कुणी लावणार नाही असे. श्रावणात त्याच्या पानांवर पाखराच्या विष्ठेसारखे ठिपके दिसतात. जवळून पाहिले की कळते, त्या अळ्या आहेत. कुणा पक्ष्याने खाऊ नये म्हणून हे सोंग. मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्या होतात. बोट लावले तर डोक्यामागून दोन मऊ शिंगे बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. त्यांतून निघते राणी पाकोळी. काळ्या मखमलीवर फिकट निळा रंग, तळहाताएवढे पंख. 2015 मध्ये महाराष्ट्राने तिला राज्य फुलपाखराचा मान दिला. असे करणारे हे देशातले पहिले राज्य. तिला लिंबू, माकडलिंबू अशाच कुळातली पाने लागतात. त्यांच्याशिवाय तिची पुढची पिढी होत नाही. लॉनमध्ये तिच्यासाठी एकही पान नसते.

म्हणून माझे मागणे साधे आहे. बांद्याच्या ग्रामसभेने नोंदवही उघडावी आणि तिच्या आधारे आवारांसाठी चार ओळींचा ठराव करावा. घराभोवती आणि पायवाटेवर पातेरा साचू द्यायचा नाही, रानातला पातेरा गोठ्यात आणायचा नाही, पाणी उघडे ठेवायचे नाही. वई आणि मागचा कोपरा बी गळेपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, कापायचा नाही. पंचायतीच्या रस्त्याकडेला तणनाशक मारायचे नाही आणि नवी लागवड नोंदवहीतल्या झाडाझुडपांचीच करायची. 'झाडी तोडा' अशी नोटीस कुणालाही द्यायची तर तिच्यात कारण लिहायचे: वळणावर समोरचे दिसत नाही, विजेच्या तारेवर फांदी आली आहे, पाणी तुंबले आहे. कारण लिहिता येत नसेल तर नोटीस द्यायची नाही.

यासाठी निधी लागत नाही, मुंबईच्या परवानगीची वाटही पाहायला नको. उद्या गाव नगरपंचायत झाले तर नव्या कारभाऱ्यांच्या टेबलावर हा ठराव आधीच असेल. बागेचे नियम करताना त्यांना गावाच्या कागदापासून सुरुवात करता येईल.