विहिरीचें पाणी व युरियाची गोणी

कल्याण, मुरबाड व शहापूर ह्या तालुक्यांतील आमच्या शेतकरी बंधूंची अशी समजूत आहे कीं, पाणी नितळ दिसलें व गोड लागलें म्हणजे तें शुद्ध. परंतु पाण्यांत नायट्रेट उतरलें असतां ही कसोटी चालत नाहीं. त्यास रंग, वास वा चव कांहींच नसतें.

युरियाच्या ४५ किलोच्या गोणींत सुमारें २० किलो नत्र असतें. पिकास तें थोडें थोडें हवें असतें. आम्ही मात्र गोणी एकदम फोकून मोकळे होतों. भातखाचरांतील कांहीं नत्र हवेंत उडतें, कांहीं ओढ्यास जातें. अधिक भय पुढील भेंडी-काकडीच्या वाफ्यांत आहे. हवा खेळणाऱ्या जमिनींतील जीवाणु उरलेल्या नत्राचें नायट्रेट करितात. माती तें धरून ठेवीत नाहीं, आणि पाण्याच्या प्रत्येक पाळीबरोबर तें काळ्या कातळाच्या भेगांतून विहिरीकडे उतरतें.

दोष एकट्या युरियाचा नव्हे. विहिरीकांठचा उघडा उकिरडा, तबेल्याचें मूत व शौचकूप हींही अपराधी होत. उल्हास नदींत मोहने गांवाजवळ माजणारी जलपर्णी तर मुख्यतः शहरांच्या सांडपाण्यावर पोसते.

१९४५ सालीं अमेरिकेंतील आयोवा येथें डॉ. कोम्ली ह्यांनीं दाखविलें कीं, अशा विहिरीच्या पाण्यांत कालविलेल्या दुधानें तान्हीं मुलें निळीं पडतात. पोटांत नायट्रेटचें नायट्राइट होतें, व त्यामुळें रक्तास प्राणवायु वाहून नेतां येत नाहीं. सहा महिन्यांच्या आंतील, वरच्या दुधावरील मुलास हें भय सर्वाधिक. भारतीय मानकाची मर्यादा लिटरीं ४५ मिलिग्रॅम आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालांत देशांतील सुमारें पंचमांश नमुने तिच्याबाहेर आढळले. घरोघर काळजीनें पाणी उकळतात, आणि येथेंच फसगत होते! उकळण्यानें जंतु मरतात, पण पाणी आटून नायट्रेट अधिकच दाट होतें. तुरटी व क्लोरीन ह्यांचाही येथें उपयोग नाहीं.

भातापुरता उपाय कोंकणांत ठाऊक आहे. डॉ. ना. कृ. सावंत ह्यांच्या चारसूत्री पद्धतींत युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मध्यें ७ ते १० सेंटिमीटर खोल खोंचतात. नत्र मुळांशींच राहतें. मजुरी वाढते ही तक्रार खरी आहे, पण खत वांचतें. भाजीपाल्यास युरिया तीन-चार हप्त्यांनीं द्यावा, आणि उकिरडा विहिरीच्या खालच्या अंगास न्यावा.

विहिरीचें पाणी पावसाळ्यापूर्वीं व नंतर सरकारी प्रयोगशाळेंत द्यावें. केवळ जंतूंची तपासणी करून परत येऊं नये. अर्जावर ‘नायट्रेट’ हा शब्द स्पष्ट लिहावा.