हिमाचें वजन

कोयनेचा जलाशय यंदा किती भरेल, हें जूनच्या आरंभीं कोणासही निश्चित सांगतां येत नाहीं. कारण तें पाणी अद्याप पृथ्वीवर उतरलेलेंच नसतें. हिमाच्छादित पर्वतांतून निघणाऱ्या नद्यांची गोष्ट निराळी. त्यांचें वसंतांतील पाणी हिवाळ्यांतच डोंगरावर सांठलेलें असतें. प्रश्न एवढाच, कीं तें मोजावें कसें?

त्याचें उत्तर एका भाषाशिक्षकानें शोधलें, याचें मजसारख्या जुन्या शिक्षकास विशेष कौतुक वाटतें. जेम्स चर्च हे अमेरिकेंतील नेवाडा विद्यापीठांत लॅटिन शिकवीत. १८९५ सालीं भर हिवाळ्यांत ते माउंट रोझ शिखरावर चढले, आणि तेव्हांपासून त्यांना हिमाचा छंद जडला. जवळच ताहो सरोवर आहे. त्याच्या बंधाऱ्यांतून सुटणाऱ्या पाण्यावर ट्रकी नदीकांठचीं वीजगृहें व शेतें अवलंबून असत. पाणी फार अडवावें, तर सरोवराकांठच्या जमिनी बुडत. आधींच सोडावें, तर उन्हाळ्यांत तुटवडा पडे. यावरून मोठा तंटा माजला.

हिमाची उंची फसवी असते, हें चर्च यांनीं ओळखलें. दहा इंच ताज्या हिमांत पाणी जेमतेम एक इंच. दबलेल्या जुन्या हिमांत तेंच चार-पांच इंच भरतें. म्हणून त्यांनीं दातेरी तोंडाची पोलादी नळी केली. ती तळापर्यंत खुपसावयाची आणि आंतील हिमासह तोलावयाची. नेहमींच्या मानानें हिम जितके टक्के, सुमारें तितकेच टक्के पाणी, हा त्यांचा आडाखा. १९१०-११ च्या सुमारास सरोवर किती चढेल तें ते आगाऊ सांगूं लागले, आणि तंट्याची धार बोथट झाली.

आपल्याकडे सतलजवरील भाक्रा धरणास येणाऱ्या पाण्यांत निम्म्याहून अधिक वाटा वितळत्या हिमाचा व हिमनद्यांचा आहे. तेथें उपग्रहांच्या छायाचित्रांवरूनही हिमाचा विस्तार पाहून अंदाज बांधतात. पाणी विपुल येणार असें कळलें, तर आधींच जनित्रें अधिक चालवून जलाशयांत जागा करतां येते. नाहीं तर सांडव्यावरून गेलेलें पाणी विजेस मुकतें. पाणी थोडें येणार असेल, तर काटकसर करावी लागते.

मात्र हवामान तापत चालल्यामुळें हिम लवकर वितळतें आणि जुन्या वर्षांची सरासरी पूर्वींइतकी विश्वासार्ह राहत नाहीं. कणगींतील धान्य पाहून गृहिणी वर्षाचा बेत करते; पण कणगीच लहान होऊं लागली, तर माप वारंवार घ्यावें लागतें.