औषधाआधी मनगट दाखवा

मी वॉर्डात सिस्टर आहे. रात्रपाळीला एकाच आडनावाचे दोन पेशंट शेजारी येणं नवं नाही. पाटील तर हमखास. म्हणून औषध देण्याआधी मी पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीचा बारकोड स्कॅन करते, मग औषधाचा. माणूस, औषध, डोस किंवा वेळ यांतलं काही जुळलं नाही, तर स्क्रीनवर इशारा येतो.

दुसरी सोय अ‍ॅलर्जीची. पेनिसिलिन चालत नाही अशी नोंद असताना कुणी ऑगमेंटिन लिहिलं, तर संगणक तिथेच अडवतो; कारण त्यात पेनिसिलिनच्याच कुळातलं अमॉक्सिसिलिन असतं. औषधं संगणकावरच लिहिली जात असल्याने डॉक्टरांचं अक्षर लावत बसणंही संपलं.

२०२१ साली देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला १४ अंकी आभा क्रमांक हा पुढचा टप्पा. जुने रिपोर्ट त्याला जोडलेले असले, की पेशंटच्या संमतीने दुसऱ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही ते पाहता येतात. पिशवीभर फायली घेऊन फिरायला नको.

मात्र इशारे उठसूट यायला लागले, की माणसं ते न वाचताच बंद करतात. कोणते ठेवायचे, हे ठरवताना वॉर्डातल्या सिस्टरलाही विचारायला हवं. आणि तुम्ही दाखल झालात, तर अ‍ॅलर्जी आठवणीने सांगा. न सांगितलेलं संगणकाला कुठून कळणार?