डिस्कांचा संगम

संगमेश्वरीं सोनवी नदी शास्त्रीस मिळते, आणि संगमाखालीं उतरणारी होडी कोणत्या नदीच्या पाण्यावर आहे, हें कोणी विचारीत नाहीं. ‘लिनक्स’ ह्या संगणकप्रणालींत डिस्कांची व्यवस्था कांहींशी अशीच आहे. विंडोजमध्यें प्रत्येक डिस्केला निराळें अक्षर मिळतें. लिनक्समध्यें मूळ फोल्डर एकच, आणि दुसरी डिस्क त्यांतील एखाद्या रिकाम्या फोल्डरावर येऊन मिळते. ह्या मिळण्यास ‘माउंट’ म्हणतात.

यंत्र सुरू होतांच हा संगम आपोआप घडावा, यासाठीं ‘एफएसटॅब’ नांवाची फाइल असते. कोणती डिस्क, कोणत्या फोल्डरावर, कोणत्या अटींवर, हें तींत एका ओळींत लिहावयाचें. डिस्केची ओळख ‘यूयूआयडी’ ह्या क्रमांकानें द्यावी. ‘एसडीबी-१’ यासारखीं नांवें जोडणीच्या क्रमानुसार बदलूं शकतात.

आतां कोंकणांतील पावसाळा ध्यानांत घ्यावा. वीज जाते, पुन्हां येते. संगणक उठतो, पण बाहेरची डिस्क अद्यापि जागी झालेली नसते. अशा वेळीं यंत्र बहुधा ९० सेकंद वाट पाहतें आणि मग ‘इमर्जन्सी मोड’मध्यें अडून बसतें. अटींत ‘नोफेल’ हा शब्द घातला म्हणजे तें डिस्केवांचून पुढें जातें. पुष्कळजण येथेंच समाधान मानतात, आणि खरा घात येथेंच होतो. डिस्क आली नाहीं, पण फोल्डर तर जागेवर आहे! रात्रीं प्रती काढणारा प्रोग्राम सातबाऱ्याचे उतारे नि आजोबांचीं छायाचित्रें त्या रिकाम्या फोल्डरांत, म्हणजे मूळ डिस्केवरच, निमूटपणें उतरवीत राहतो. पुढें डिस्क जोडली गेली कीं त्या प्रती तिच्याखालीं झांकून जातात. आणि मूळ डिस्क बिघडली, तर अस्सल व नक्कल दोन्ही एकदम जातात.

यास उतारा म्हणजे ‘एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट’ ही अट. मग फोल्डराला कोणी हात लावतांच डिस्क जोडली जाते. ती नसेल तर स्पष्ट त्रुटी येते, चोरटें लेखन होत नाहीं. शिवाय प्रत काढणाऱ्या प्रोग्रामानें आधीं जोडणी पडताळावी, हें उत्तम.

फाइल बदलल्यावर यंत्र लगेच बंद करूं नये. प्रथम ‘फाइंडएमएनटी’ ही आज्ञा ‘व्हेरिफाय’सह द्यावी, मग ‘माउंट -ए’. चूक असल्यास ती येथेंच बहुधा उघडी पडते. यंत्र अडून बसलेंच, तर व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द देऊन, मूळ डिस्क लेखनासाठीं पुन्हां खुली करावी आणि चुकीच्या ओळीपुढें ‘हॅश’चें चिन्ह घालून यंत्र नव्यानें सुरू करावें.