घरबसल्या कामाची पारख

गृहकृत्यें आटोपल्यावर उरलेल्या वेळांत चार पैसे मिळवावे, ही इच्छा कोणाही गृहिणीस शोभणारीच आहे. परंतु तिच्यावरच डोळा ठेवून हल्लीं मोबाइलवर जाहिराती येतात: ‘घरबसल्या पेन्सिली भरा, महिना ३०,००० रुपये मिळवा.’ खालीं एखाद्या नामांकित कारखान्याचें चिन्ह असतें. कारखान्यास त्याची वार्ताही नसते. नोंदणीची फी भरली, कीं ओळखपत्राची मागतात, मग माल पाठविण्याची. माल मात्र येत नाहीं.

दुसरा प्रकार अधिक सभ्य दिसतो. वाती वळण्याचें यंत्र आमच्याकडून विकत घ्या, तयार माल आम्हीच परत घेऊं, असा करार होतो. पहिला माल उचललाही जातो. पुढें ‘वात सारखी नाहीं’ म्हणून नाकारतात, किंवा कचेरीसच कुलूप लागतें. व्यापार वातींचा नसून यंत्राचा होता, हें तेव्हां कळतें.

मग घरीं बसून करावयाचें काम सारेंच खोटें काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. १९५९ सालीं मुंबईस गिरगांवांत सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन आरंभिलेला लिज्जत पापडाचा उद्योग पाहा. भिजविलेलें पीठ घरीं न्यावयाचें, पापड लाटून परत द्यावयाचे आणि मजुरी घ्यावयाची. खऱ्या कामाची खूण आमच्या मतें हीच: पैसा काम देणाराकडून करणाराकडे येतो, उलट जात नाहीं.

म्हणून होकारापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. पैसे आधीं मागतात काय? माल नाकारण्याची कसोटी लेखी आहे काय? आणि दराचा हिशेब जुळतो काय? नमुन्याचे नग घड्याळ लावून स्वतः जोडून पाहावे. समजा, नगास ५० पैसे दर आहे आणि तासास ४० नग होतात. म्हणजे पांच तासांचे १०० रुपये. त्यांतून ने-आणीचें भाडें व नापास नग वजा जातील. ह्याच दरानें ३०,००० रुपये मिळवावयाचे, तर १,५०० तास लागतील. आणि तीस दिवसांच्या महिन्यांत तास ७२०च!

पैसे गेलेच असतील, तर १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावें. त्वरा केल्यास रक्कम अडविली जाण्याचा संभव असतो. घरांतील वडील मंडळींनींही ‘कोणीं सांगितले होते नसते उद्योग?’ असें म्हणून तिचें तोंड बंद करूं नये. एका घरची सून मोकळेपणीं बोलली, तर शेजारच्या चार घरच्या वाचतील.