युनियन तारते की मारते?

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



मागच्या महिन्यात एका गट सभेत तोडणीचा विषय निघाला आणि सभा तापली. "करारात मजुरी वाढवून दिली, तरी टोळी फडात पाय ठेवायच्या आधी खुशाली मागते. ह्या युनियनांनीच सगळं बिघडवलंय," असे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले. टाळ्याही पडल्या. नंतर चहा घेताना तेच सभासद कौतुकाने सांगत होते, की थोरला मुलगा कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी आहे आणि त्याने फंडातून पैसे काढून शेजारी खारघरला घर केले. मी विचारले, "दादा, फंड कुठनं आला?" म्हणाले, "बोर्डातनं." "आणि बोर्ड कुणी आणलं?" यावर दादा हसले आणि कप खाली ठेवला.

आपल्यापैकी अनेकांची घरे अशीच दोन्हीकडे आहेत. इकडे आपण कारखान्याचे मालक, तिकडे आपलाच मुलगा किंवा भाऊ हमाल नाहीतर कामगार. म्हणून हा प्रश्न नीट समजून घेऊ.

माथाडी बोर्ड कसे आले?

मुंबईच्या बाजारात पाठीवर ओझी वाहणारे बरेचसे आपल्याच सातारा, सांगली, पुणे भागातले. एकाच दिवशी तीन पेढ्यांचा माल उतरवायचा, त्यामुळे प्रत्येक व्यापारी म्हणे, "हा माझा माणूस नव्हे." हजेरी नाही, रजा नाही, म्हातारपणी काही नाही. पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील यांनी या लोकांना एकत्र केले आणि त्या चळवळीतून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला.

या कायद्याची युक्ती साधी आहे. मालक आणि कामगार दोघांची नोंद बोर्डात होते. बोर्डावर सरकार, मालक आणि कामगार, तिघांचे प्रतिनिधी असतात. व्यापारी मजुरी आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्याने लेव्ही बोर्डात भरतो. बोर्ड मजुरी कामगाराला देते आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, दवाखाना यांचा खर्च चालवते. मालक रोज बदलला तरी कामगाराचे खाते बदलत नाही. पुढे बाजार मुंबईतून वाशीला आणि लोखंड कळंबोलीला आले, तरी ही घडी टिकली.

नाक्यावरचा माणूस

आता खारघरमध्येच दुसरे चित्र पाहा. तिथे सकाळी नाक्यावर गवंडी, बिगारी, रंगारी कामाची वाट पाहत उभे राहतात. खारघरचे टॉवर अशाच हातांनी उभे राहिले. त्यांच्यासाठीही १९९६ साली कायदा झाला, बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर बसला, कल्याणकारी मंडळ झाले. पण लाभ घ्यायला नोंदणी हवी, आणि नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. रोज वेगळा ठेकेदार, दाखला देणार कोण? कायदा दोघांनाही आहे. पण एकाच्या पाठीशी संघटना उभी आहे, दुसऱ्याच्या नाही. कायदा कागदावरून हातात यायला मागे कुणीतरी लागते, एवढे यातून दिसते.

दुसरी बाजू

म्हणून युनियनचे सगळेच बरे असे मात्र नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हजारो माणसे कायमची घरी बसली, आपल्या भागात आणि कोकणात परतली. ती माणसे पाहिलेले वडीलधारे आजही गावोगाव आहेत.

सगळा दोष संपाला देता येत नाही. यंत्रे जुनी झाली होती, कापडाचा धंदा यंत्रमागांकडे सरकत होता आणि गिरण्यांच्या जमिनीला सोन्याचा भाव येऊ लागला होता. शिवाय १९४६ च्या कायद्याने एकाच युनियनला बोलणी करण्याचा हक्क होता. कामगारांचा विश्वास तिच्यावरून उडाला तरी सरकार आणि मालक बोलणार तिच्याशीच. म्हणजे बोलायचे दार बंद, आणि संप थांबवायची वाटही कुणाजवळ नाही. त्यात कामगार चेंगरला.

दुसरा रोग खोट्या माथाडींचा. काम न करता मालाच्या गाडीपुढे उभे राहून पैसे मागायचे, याच्या तक्रारी बाजारात आणि कारखानदारीत नेहमी होतात. ही खंडणी आहे. नाव मात्र खऱ्या माथाडीचे खराब होते.

हिशेब कुठे बसतो?

मजुरी वाढली की धंदा बुडतो, हे सरसकट खरे नाही. एकटा मजूर घासाघीस करू शकत नाही, म्हणून त्याला कामाच्या मोलापेक्षा कमी मिळते. संघटना ती तूट भरून काढते. हाती पैसा आला की तो गावच्या दुकानात, घरात, मुलांच्या शाळेत जातो. पण धंद्यात जेवढे निघते त्याच्या पलीकडे मागणी गेली, की मालक यंत्र आणतो. लोखंड बाजारात क्रेन आली, आपल्या फडात हार्वेस्टर आला.

आपण शेतकरी तरी वेगळे काय केले? एकेकटा शेतकरी गुऱ्हाळवाल्यापुढे आणि व्यापाऱ्यापुढे हतबल होता, म्हणून १९५० साली प्रवरेचा कारखाना उभा राहिला. १९८० साली शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने उसाला टनाला ३०० रुपये मागितले, ते रस्त्यावर उतरूनच. आपल्या एकीला चळवळ म्हणायचे आणि मजुराच्या एकीला त्रास, हे बरोबर नव्हे.

आपल्या फडात

जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड संघटना यांच्यात करार होऊन तोडणी मजुरीत ३४ टक्के आणि मुकादमाच्या कमिशनमध्ये एक टक्का वाढ झाली. कोयत्यांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनाला १० रुपये द्यायचे, असेही ठरलेले आहे. तरीही कोयत्याला माथाडीसारखे स्वतःचे खाते नाही. उचल मुकादमाच्या हातात, हिशेब मुकादमाच्या वहीत. वाढीतले आपल्यापर्यंत किती आले हे कोयत्याला कळत नाही, म्हणून तो फडात खुशाली मागतो. खुशाली युनियनमुळे येत नाही. हिशेब उघडा नसल्यामुळे येते, असे माझे वीस वर्षांच्या फिरतीतले मत आहे.

यात नुकसान आपलेच. टोळी अडली की तोडलेला ऊस फडात वाळतो, वजन घटते, उतारा पडतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफ.आर.पी. ठरली आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे. एकरी ४० टन धरले तर ०.१ टक्का म्हणजे १,३८४ रुपये. वेळेवर आलेल्या समाधानी टोळीची किंमत यावरून करा.

तेव्हा येत्या हंगामासाठी सभासदांना विनंती:

१. खुशाली रोख देऊ नका. मागणी झाल्यास त्याच दिवशी गट कार्यालयात टोळी क्रमांकासह कळवा.

२. आपल्या फडातील टनेजची पावती मुकादमाबरोबर टोळीलाही वाचून दाखवा.

३. तोडणी मजुरी थेट कोयत्याच्या बँक खात्यात जावी, असा विषय वार्षिक सभेपुढे लेखी द्या.

४. मजुरीचा करार गाळप सुरू होण्याआधी पुरा व्हावा, असा आग्रह धरा. गव्हाणीत मोळी पडल्यावरची बोलणी दोघांनाही महाग पडतात.

५. टोळी आपल्या रानात असेतोवर पिण्याचे पाणी आणि लहान मुलांना सावली द्या. त्याला करार लागत नाही.

त्या ज्येष्ठ सभासदांना मी हा लेख छापण्याआधी वाचून दाखवला. तिसरा मुद्दा ऐकून ते म्हणाले, "विषय माझ्या नावानं घ्या. पोराला फोन करून बोर्डाचं पासबुक कसं असतं ते विचारतो."