गोड्या पाण्यातला केंड: घरी पाळण्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

केंड हा टेट्राओडॉन्टिडी कुळातला मासा. वरचे दोन आणि खालचे दोन दात एकमेकांना चिकटून बनलेली चोच, खवल्यांऐवजी जाडसर कातडी, पोटाकडच्या परांचा अभाव आणि डिवचल्यावर पोट फुगवण्याची खोड, एवढ्यावरून तो कोणालाही ओळखता येतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात त्याला मान नाही. तो खायचा नाही, आणि झुंडीने आला तर जाळ्यातली मासळी नि जाळी दोन्ही कुरतडून ठेवतो. या कुळात सुमारे 200 जाती आहेत आणि बहुतेक समुद्रात किंवा खाडीत राहतात. नद्या-तळ्यांत संपूर्ण आयुष्य काढणाऱ्या जाती 30 च्या आसपास भरतात. शोभेच्या माशांच्या दुकानात ‘पफर’ या एकाच नावाने हे सगळे विकले जातात, आणि घरी पाळलेल्या केंडांची हेळसांड होते ती बहुतांशी याच सरमिसळीमुळे.

गोड्या पाण्यातला केंड कोकणातल्या एखाद्या पऱ्यात किंवा नदीत सापडेल, ही पहिली चुकीची समजूत. काजळी, शास्त्री किंवा मुचकुंदीच्या मुखाशी, भाट्ये आणि जयगडसारख्या खाड्यांत केंड मिळू शकतात, पण ते खाऱ्या-निमखाऱ्या पाण्याचे. चेलोनोडॉन पटोका ही पाठीवर पांढरे ठिपके असलेली जात खाडीत शिरते आणि फूटभर वाढते. असा मासा पकडून नळाच्या पाण्यात ठेवणे म्हणजे त्याला हळूहळू मारणे. पूर्णपणे गोड्या पाण्यातला पश्चिम घाटाचा केंड आहे तो दक्षिणेकडे, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांत. त्याचे शास्त्रीय नाव कॅरिनोटेट्राओडॉन त्रावणकोरिकस. होरा आणि नायर यांनी 1941 मध्ये त्याचे वर्णन केले, आणि आज दुकानांत तो ‘पी पफर’ किंवा ‘ड्वार्फ पफर’ म्हणून मिळतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो ‘असुरक्षित’ गटात आहे, कारण अधिवास घटतो आहे आणि शोभेच्या बाजारासाठी नद्यांतून तो भरमसाट पकडला गेला आहे. टाकीत तो अंडी घालतो, पिल्ले जगवता येतात. त्यामुळे विकत घेताना मासा पैदाशीचा आहे की नदीतला, हे विचारलेच पाहिजे.

दुकानातला नखाएवढा केंड म्हणजे पी पफरच, असे धरून चालणे सर्वांत महागात पडते. डायकोटोमिक्टेरे निग्रोविरिडिस, म्हणजे ‘ग्रीन स्पॉटेड पफर’, याचे पिल्लूही विकताना दोन-तीन सेंटिमीटरचेच असते. पाच मिनिटे निरखून पाहिले की फरक कळतो. ग्रीन स्पॉटेडची पाठ झगझगीत पोपटी-पिवळी, तिच्यावर गोल, काळेभोर, सुटे ठिपके, आणि खालचे पोट दुधासारखे पांढरे. पाठ संपते तिथे ठिपकेही संपतात. पी पफरचा रंग त्यापुढे मळकट पिवळा-हिरवा, डाग वेडेवाकडे आणि लहानमोठे, बाजूवर एखादा ठसठशीत, आणि डोळे अंगाच्या मानाने मोठे. पूर्ण वाढ झाल्यावर तो साडेतीन सेंटिमीटरच्या आत राहतो. त्याचा नर वयात आला की पोटाच्या मधोमध काळी रेघ आणि डोळ्यामागे बारीक सुरकुत्या दिसतात. मादी गोलमटोल असते. ग्रीन स्पॉटेड मात्र पंधरा सेंटिमीटरपर्यंत जातो, दहा वर्षे जगू शकतो आणि मोठेपणी त्याला निमखारे, पुढे जवळजवळ समुद्राइतके खारे पाणी लागते. याच जातीचा जनुकीय आराखडा 2004 मध्ये प्रसिद्ध झाला, कारण कणा असलेल्या प्राण्यांत तो अत्यंत छोटा आहे. प्रयोगशाळेतल्या या कीर्तीचा टाकीतल्या माशाला मात्र काही उपयोग होत नाही. तिसरी जात बंगाल-आसामकडची लिओडॉन कटकुटिया. पाठीवर जाळीदार नक्षी आणि प्रत्येक बाजूला कडे असलेला डोळ्यासारखा एक ठिपका, ही तिची खूण. ती गोड्या पाण्यात राहते, पण इतकी भांडखोर की एकटीच ठेवावी लागते.

‘चिमूटभर मीठ टाकले की कुठलाही केंड खूश’ हा सल्ला सर्रास दिला जातो. पी पफरला मिठाची गरज नाही. ग्रीन स्पॉटेडला चिमूट पुरत नाही, आणि स्वयंपाकाचे किंवा मिठागरातले मीठ चालतही नाही. त्यात मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते, समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे फारसे उरत नाही. त्यासाठी सागरी मत्स्यालयाचे तयार मीठ घ्यावे आणि हायड्रोमीटरने मोजावे. लहान माशासाठी विशिष्ट गुरुत्व 1.005 ते 1.008 ठेवून पुढे वर्षभरात हळूहळू वाढवतात. समुद्राच्या पाण्याचे ते 1.025 च्या आसपास असते.

गोड्या पाण्याची बाजू रत्नागिरीत एरवी सोपी आहे. जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी मऊ असते, आणि पी पफरला फार क्षारयुक्त पाणी लागत नाही. मात्र खाडीकाठच्या काही विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, तेव्हा चव बघून पाणी वापरावे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उघड्या बादलीत दिवसभर ठेवल्यावर उडतो किंवा औषधाने काढता येतो. तापमान 24 ते 28 अंश पुरते, त्यामुळे हीटर क्वचितच लागतो. अडचण उलट मे महिन्यात येते. टाकीचे पाणी तिशीवर गेले की त्यातला प्राणवायू घटतो. झाकण उघडे ठेवून पाण्यावर छोटा पंखा लावला की दोन-तीन अंशांचा फरक पडतो. पावसाळ्यात वीज तासन् तास जाते, म्हणून बॅटरीवरचा एअरपंप घरात असलेला बरा.

मासा छोटा म्हणजे काचेचा गोलही चालेल, हेही खोटे. केंड मांसाहारी आहे, भरपूर घाण करतो आणि अमोनिया त्याला सोसत नाही. फिल्टरमध्ये अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मासा त्यानंतर आणावा. एका पी पफरला वीस लिटर हवे, गट ठेवायचा तर चाळीसच्या पुढे, आणि आत दाट झाडे, लाकूड, दगड असे की एकमेकांची नजर तुटेल. नर एकमेकांचे पर कुरतडतात. गप्पी, एंजल असे लांब परांचे मासे त्याच्यासोबत ठेवले, तर आठवड्याभरात त्यांच्या शेपट्यांच्या चिंध्या होतात.

खाण्याच्या बाबतीत कोरडे दाणे आणि फ्लेक्स तो सहसा पाहतही नाही. जिवंत किंवा गोठवलेले ब्लडवर्म, आर्टेमिया, डाफनिया लागतात, आणि त्याहून महत्त्वाच्या म्हणजे टाकीत आपोआप वाढणाऱ्या छोट्या गोगलगायी. शिकार बघण्यासारखी असते. मासा गोगलगायीसमोर जागीच तरंगतो, दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवतो, तिने शिंगे बाहेर काढायची वाट पाहतो आणि एका झटक्यात चावा घेतो. केंडाची चोच आयुष्यभर वाढत राहते, कडक शंख फोडूनच ती झिजते. मोठ्या जातींना फक्त मऊ खाणे दिले, तर चोच इतकी वाढते की तोंडच उघडत नाही. ग्रीन स्पॉटेडसाठी कोकणात हा प्रश्न यायला नको: बाजारातल्या छोट्या तिसऱ्या शिंपल्यासकट आणि कवचासह कुर्लीचा पाय त्याला चालतो. शेतातल्या किंवा व्हाळातल्या गोगलगायी थेट टाकीत सोडू नयेत, त्यांच्यातून परजीवी येतात. पोट आत गेलेला, पण खाणारा मासा बहुधा अशाच कृमींचा रुग्ण असतो. तांबे असलेली औषधे टाळावीत, कारण खवले नसलेल्या या माशाला ती जड जातात.

फुगणे हा खेळ नव्हे. भीतीने मासा पोटात पाणी ओढून घेतो. जाळीने पाण्याबाहेर काढला तर पाण्याऐवजी हवा आत जाते आणि ती बाहेर टाकणे अवघड होते. म्हणून केंड हलवताना पाण्यासकट भांड्यात घ्यावा.

टाकीत हात घातला की विष चढते, ही भीती अकारण आहे. केंडातले टेट्रोडोटॉक्सिन मुख्यतः यकृत, अंडाशय आणि काही जातींत कातडीत असते, म्हणजे धोका खाल्ल्यावर. ते शिजवून जात नाही, त्यावर उतारा नाही, आणि श्वासाचे स्नायू बंद पडून मृत्यू येतो. गोड्या पाण्यातल्या काही आशियाई जातींत सॅक्सिटॉक्सिन हे दुसरे विष आढळले आहे. त्यामुळे ‘गोड्या पाण्यातला म्हणून निर्धोक’ हेही चूक. मेलेला मासा मांजराच्या वाटेला जाणार नाही असा पुरावा. टाकीतले पाणी बिघडते ते मात्र या विषाने नाही, कुजण्यातून होणाऱ्या अमोनियाने.

डासांच्या अळ्या खाईल म्हणून नकोसा झालेला पी पफर विहिरीत किंवा पऱ्यात सोडणेही योग्य नाही. तो अळ्या खातो हे खरे, पण कोकणातल्या नद्यांत तो मूळचा नाही. तिथे तो तगला, तर स्थानिक गोगलगायी आणि माशांच्या परांवर ताव मारेल. तो दुकानदाराला परत द्यावा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याकडे सोपवावा.